होडीच्या पोटातली माणसं

श्रोतेहो, १९४० साली इंग्लिश खाडीत छत्रीनं उतरलेले कितीतरी वैमानिक गार पाण्यात संपले, आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश हवाई दलानं समुद्रातल्या सुटकेचं वेगळं खातं काढलं, हे तुम्ही जाणताच. मला बोलायचंय त्या खात्याच्या वेगवान नौकांवरच्या फिटरांबद्दल. सुटका समुद्रात होत नव्हती हो, आदल्या संध्याकाळी धक्क्यावरच व्हायची!

लग्नात बघा, आपण व्याह्यांना हार घालतो. मांडवामागं पहाटेपासून चुलीशी बसलेला आचारी कुणाला आठवतो? पंगत वेळेवर बसली ती त्याच्यामुळं. तो भाजी चाखत नाही, नुसत्या वासावर ओळखतो. फिटरही तसाच, आवाजावर ओळखायचा.

नौका ६४ फुटांची, लाकडी. पोटात तीन ‘सी लायन’ इंजिनं, प्रत्येकी ५०० अश्वशक्तीची. मूळ इंजिन विमानाचं, नेपियरचं ‘लायन’. फेरफार करून पाण्यावर आणलेलं. आकाशात खारं पाणी नसतं, लाटांचे दणकेही नसतात. इथं लाटेवर होडी उचलली की पंखा पाण्याबाहेर येणार, ओझं सुटलेलं इंजिन किंचाळणार. आणि सगळं पेट्रोलवर! पेट्रोलची वाफ जड, ती तळाशी साचते. हवा खेळवल्याशिवाय कळ दाबली तर सुटका राहिली बाजूला. म्हणून तळ कोरडा, जोड घट्ट, प्लग साफ. रोज, बोलावणं येवो न येवो. पाहुणे आल्यावर चूल पेटवणारा आचारी काय कामाचा?

यातल्या १०२ क्रमांकाच्या नौकेनं १९४१ मध्ये दोन महिन्यांत ३८ जणांना उत्तर समुद्रातून वर काढलं. त्यांत दोन जर्मन बॉम्बफेकी विमानांची माणसंही होती. कौतुक सुकाणूवाल्याचं झालं असेल, व्हावंच. पण इंजिन पहिल्या कळीला सुरू झालं नसतं तर? पुन्हा सांगतो, सुटका धक्क्यावरच झाली होती.

आणि तो लॉरेन्स! अरबस्तानातला. त्याचा उंट साऱ्यांना पाठ. पण १९३१ साली प्लिमथजवळ त्याच्या डोळ्यांदेखत उडती नौका, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, कोसळली, माणसं बुडाली, आणि नंतर हाच माणूस, तेव्हा ‘शॉ’ नावाचा साधा हवाई शिपाई, हात तेलात बरबटून वेगवान होड्यांची इंजिनं चाचपत बसला. ३७ फुटी होडीची देखभाल कशी करायची, याच्या सूचनाही त्यानं लिहून काढल्या. अहो, त्या कुणी वाचायच्या? शाळेत उंटच शिकवतात!

काचेपलीकडून हात हलतोय, वेळ झाली म्हणे. तेलाच्या दाबाबद्दल सांगायचं राहिलंच. काटा जरा खाली आला की फिटर काय करायचा, तर आधी तो... बरं, नमस्कार.