थोड्या पैशांतला व्हिएतनाम



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही मजुरीवाढीवर किंवा बोनसवर बोलू अशी त्यांची समजूत होती. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत घालवलेल्या माणसाकडे दुसरे असणार काय? शिक्षण म्हणाल तर सातवी. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, मिळेल ते पुस्तक वाचून. परंतु २०२४ च्या मार्च महिन्यात आम्ही आणि मागावर आयुष्य काढलेले आमचे एक सोबती असे दोघे, पाठीवर एकेक पिशवी टाकून, चौदा दिवस व्हिएतनामात हिंडून आलो. ही बातमी पेठेत फुटली त्या दिवसापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "खर्च किती आला?" तेव्हा आज खर्चाचेच सांगावे असे ठरवले. सांगता सांगता एक कबुलीही द्यायची आहे. ती तिच्या जागी येईल.

मुंबईहून हानोईला थेट विमान मिळाले. जाण्यायेण्याचे भाडे तीन महिने आधी काढल्यामुळे माणशी २३,००० रुपयांत बसले. व्हिसा घरबसल्या संगणकावरून निघाला, त्याचे २५ डॉलर. तेथे चलन डोंग. आम्ही गेलो तेव्हा रुपयाला सुमारे ३०० डोंग पडत होते. म्हणजे पाच हजार रुपये मोडले की माणूस पंधरा लाखांचा धनी! मात्र एक सांभाळावे. वीस हजारांची नोट आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर. अंधारात एकीऐवजी दुसरी गेली तर दोन-तीन दिवसांच्या जेवणाला मुकावे लागेल.

हानोईच्या जुन्या पेठेत उतरलो. तेथील पुष्कळ गल्ल्यांची नावे 'हांग' या शब्दाने सुरू होतात. हांग म्हणजे विकायचा माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग गाई ही एके काळी तागाची. आपल्याकडील तांबट आळी, कासार आळी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे वेगळे सांगायला नको. एका खोलीत आठ बिछाने, खाटेवर खाट, सगळे जगभरचे तरुण. त्यांच्यात आमची दोन पिकली डोकी. रात्रीचे दीड लाख डोंग, म्हणजे पाचशे रुपये, आणि सकाळची न्याहारी त्यातच. आम्ही खूश होऊन वहीत लिहिले, 'फार स्वस्त.'

पण युनियनवाल्याची खोड जात नाही. कोणत्याही गावी गेलो की तेथील मजुरी विचारायची. त्या वेळी हानोईतील किमान वेतन महिन्याला ४६,८०,००० डोंग होते; २०२४ च्या जुलैपासून ते ४९,६०,००० झाले. सव्वीस दिवसांनी भागा. दिवसाचे १,८०,००० येतात. आमचा तो फार स्वस्त बिछाना म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्याची जवळजवळ अख्ख्या दिवसाची कमाई होती. सोबत्यांनी वहीतले 'फार' तेवढे खोडले.

खाण्याचे हाल होतील अशी घरच्यांना भीती होती; झाले नाहीत. फुटपाथवर वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुले मांडलेली असतात. त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसावे आणि शेवयांच्या गरम रश्शाचा वाडगा, ज्याला ते फो म्हणतात, पुढ्यात घ्यावा. त्याचे चाळीस-पन्नास हजार डोंग. आमचे सोबती माळकरी, त्यांना मांसमासळी चालत नाही. त्यांची सोय एका शब्दाने झाली: 'चाय'. त्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तेथील पुष्कळ बौद्ध मंडळी शाकाहार पाळतात, त्यामुळे 'चाय'ची पाटी गल्लोगल्ली दिसते. आणि चहाला? चहाला हानोईत 'चा' म्हणतात, अगदी आपल्यासारखा! सोबत्यांनी पहिल्या दिवशी हक्काने चाय मागितला आणि पुढे आले ते टोफूचे कालवण.

पुढचा प्रवास आगगाडीने केला. हानोई ते सायगाव, म्हणजे आताचे हो ची मिन्ह शहर, हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आणि मीटर गेजचा. फ्रेंचांनी तो १९३६ साली पुरा केला. पुढे लढायांत तो तुटला, पूल उडाले, देशच दोन झाला; आणि देश एक झाल्यावर १९७६ च्या डिसेंबरअखेर गाडी पुन्हा सबंध मार्गावर धावली. आम्ही त्यातले सहा फळ्यांचे डबे घेतले. सर्वांत वरची फळी सर्वांत स्वस्त. तेथे नीट बसता येत नाही, निजूनच राहावे लागते. डब्याच्या टोकाला उकळते पाणी फुकट मिळते. हुए ते दा नांग हा टप्पा दिवसा करावा. गाडी हाय व्हानच्या डोंगरकडेने समुद्रावर अशी लोंबकळत जाते की बोगद्यात शिरेपर्यंत कोणी बोलत नाही.

त्या हुए गावीच ती गोष्ट घडली. तेथे सिक्लो चालतात. सायकलरिक्षाच, पण बैठक पुढे आणि चालवणारा मागे. एका तासाचे त्याने दीड लाख मागितले. आम्ही मान हलवली, चार पावले पुढे गेलो, पुन्हा फिरलो. बाजारात करतो ते सगळे केले. एका तासाला दिवसाची मजुरी मागतो म्हणजे काय, असा आमचा बिनतोड हिशेब! अखेर ऐंशी हजारांवर तोडले आणि दोघेही एकाच गाडीत चढून बसलो. सुगंधी नदीवरच्या पुलाच्या चढावर मागची पायडलांची करकर थांबली. वळून पाहिले तो गडी उतरून गाडी ढकलत होता. आम्ही खाली उतरलो. त्याने बोटांनी वय सांगितले, अठ्ठावन्न. आमचे छप्पन्न.

सोबती हळूच म्हणाले, "साहेब, मालक आपल्याशी असंच बोलतो की हो. तासाचा हिशेब लावतो."

मित्रहो, आम्ही आयुष्यभर भांडलो ते याच हिशेबाशी. सूत नाही, वीज नाही, माग बंद आहे, तो वेळ कामगाराच्या मजुरीत कोणी धरत नाही. कामाच्या आशेने दारात ताटकळलेल्या बदली कामगाराचा दिवस कोणाच्या वहीत नसतो. हा गडी सकाळपासून नाक्यावर किती तास उभा होता, दिवसातून त्याला अशी किती गिऱ्हाइके मिळतात, हे आम्ही विचारलेच नव्हते. मजुरी वाढवण्यासाठी घासाघीस करण्यात हयात गेली, आणि परमुलखात पाय ठेवताच तीच विद्या आम्ही मजुरी पाडण्यासाठी वापरली. तीही कशासाठी? माणशी शंभर-सव्वाशे रुपयांसाठी!

उतरल्यावर आम्ही दीड लाख पुढे केले. त्याने ते मोजले, सत्तर हजार परत दिले आणि टोपी नीट करून निघून गेला. बोललेला शब्द त्याच्या लेखी सौदा होता. आमच्या पश्चात्तापाशी त्याला कर्तव्य नव्हते. त्या रात्री आम्हांस जेवण गेले नाही.

पुढे आम्ही एक नेम केला. कपड्यालत्त्याला, फळांना घासाघीस करायची. अंगमेहनतीचा भाव आधी विचारायचा, परवडला तर घ्यायचा, नाही तर पायी चालायचे. मी सोनची जुनी शिवमंदिरे त्यामुळे एक दिवस उशिरा पाहिली. १९६९ सालच्या अमेरिकी बाँबफेकीत तेथील मोठा बुरूज गेला. इतर देवळांपैकी काहींची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली आहे. सायगावला नदीकाठी न्हा रोंगचा धक्का आहे. १९११ साली हो ची मिन्ह तेथून बोटीवर स्वयंपाक्याचा मदतनीस होऊन परदेशी गेले. थोड्या पैशांत जग पाहणारा याहून मोठा कोण सांगावा?

तर खर्च: विमान, व्हिसा, आगगाडी, खाणे, राहणे मिळून माणशी ५३,००० रुपये. ही रक्कम दोन वर्षे भिशी घालून जमवली. हिशेबाची वही बरोबर आणली आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी सभेनंतर खुशाल उतरवून घ्यावी. हुएच्या पानावर 'सिक्लो, ऐंशी हजार' असे लिहिलेले आढळेल, आणि त्याखाली सोबत्यांच्या अक्षरात, 'मागितले होते दीड लाख.'