शून्य टक्क्यांचा अर्थ

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठात १९७८ साली रसेल क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांकरवी एक प्रयोग करविला. विद्यापीठाच्या आवारात अनोळखी व्यक्तीला गाठून तिला तीनपैकी एक प्रश्न विचारावयाचा: आज रात्री सोबत फिरावयास येणार का, घरी येणार का, की शय्यासोबत करणार? पुरुषांनी स्त्रियांना विचारावे आणि स्त्रियांनी पुरुषांना. शेवटच्या प्रश्नाला ७५ टक्के पुरुषांनी होकार दिला, स्त्रियांपैकी एकीनेही नाही. १९८२ सालच्या फेरप्रयोगातही हे शून्य कायम राहिले. एलेन हॅटफील्ड यांच्यासह लिहिलेला हा निबंध प्रसिद्ध व्हावयास मात्र १९८९ साल उजाडले.

उत्क्रांतिवादी मानसशास्त्राला या शून्यात आपल्या सिद्धान्ताचा पुरावा दिसला. रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी १९७२ साली मांडले होते की, अपत्यासाठी जिला अधिक गुंतवणूक करावी लागते ती मादी निवडीत चोखंदळ होते. नऊ महिन्यांचा गर्भभार एका बाजूला, काही क्षण दुसऱ्या बाजूला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा हिशेब चटकन पटतो. पण त्याच शास्त्राचा दंडक असा की, हिशेबात खर्चाच्या साऱ्याच बाबी धराव्यात.

आता मधला प्रश्न पाहा. फिरावयास जाण्यास ५६ टक्के स्त्रिया राजी होत्या, म्हणजे पुरुषांहून किंचित अधिकच. घरी जाण्यास अवघ्या ६ टक्के! माणूस तितकाच अनोळखी. फरक काय तो बंद दाराचा. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याच विद्यापीठाच्या एका निवासगृहात रात्री शिरलेल्या खुन्याने दोन विद्यार्थिनींचे प्राण घेतले होते. त्या तरुणींचा नकार लक्षावधी वर्षांपूर्वीच्या अरण्यातून आला, असे म्हणण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते.

मिशिगन विद्यापीठाच्या टेरी कॉन्ली यांना २०११ साली आढळले की, असा प्रस्ताव मांडणारा अनोळखी पुरुष स्त्रियांना धोक्याचा वाटतो; त्याच्या जागी आवडता, नामवंत नट कल्पिला की स्त्री-पुरुषांतील अंतर जवळजवळ मिटते. हे कल्पनेतले उत्तर, हा आक्षेप रास्त आहे. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात सुरक्षिततेची हमी देऊन छायाचित्रांतून निवड करावयास सांगितले, तेव्हा जवळजवळ सर्व स्त्रियांनी किमान एकाला होकार दिला. पुरुषांनी निवडलेल्यांची संख्या अधिक होती, हेही नोंदविले पाहिजे. डेव्हिड श्मिट यांच्या ४८ देशांच्या पाहणीतही (२००५) अंतर सर्वत्र आढळले. मात्र जेथे स्त्री-पुरुष समता अधिक, तेथे ते कमी होते. तेव्हा फरक मुळीच नाही असे म्हणणारेही चूकच करतात. प्रश्न त्याच्या आकाराचा आणि कारणांचा आहे. स्त्रीला इच्छाच नसते असे एकदा ठरले की तिच्या भयावर उपाय शोधण्याचे कारण उरत नाही, आणि पुरुषाच्या उतावीळपणाला निसर्गाचा दाखला मिळतो.

मूळ प्रयोगातील एक नोंद मात्र क्वचितच उद्धृत होते. ज्या थोड्या पुरुषांनी नकार दिला ते दिलगिरी व्यक्त करीत, आपण विवाहित असल्याचे किंवा कोणाशी तरी जुळल्याचे सांगत. स्त्रियांचे उत्तर बहुधा असे असे की, माझी पाठ सोड.