मुक्या जिवाची भूक : जीवदयेचा एक लहान धडा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



पांजरपोळ, पाणपोई, पक्ष्यांचा दाणा हे जीवदयेचे विषय आपणांस परिचित आहेत. आज मी एक अगदी लहान विषय घेऊन उभा आहे : घरी नव्याने आणलेला सोनेरी मासा, अर्थात गोल्डफिश, अन्न घेत नसेल तर काय करावे? विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु आज कित्येक जैन घरांच्या दिवाणखान्यात काचेची पेटी आहे, म्हणून हा विषय आपल्या दारचाच आहे.

प्रारंभी माझी स्वतःची चूक सांगतो. नातीच्या हट्टाखातर मी दोन गोल्डफिश आणि काचेचे एक गोल भांडे विकत आणले. मासे खाईनात. मला वाटले, बिचारे उपाशी आहेत. म्हणून सकाळी, दुपारी, सायंकाळी मी दाणे टाकीत राहिलो. पाणी गढूळले. चौथ्या दिवशी पहाटे एक मासा तरंगताना दिसला. नातीने विचारले, “आजोबा, आपण त्याला इतके खायला दिले, तरी तो का गेला?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे समजले, तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, नवा मासा खात नाही याचा अर्थ त्याला अन्न कमी पडले असा बहुधा नसतो. आपल्या दुकानांत येणारे पुष्कळसे शोभेचे मासे चेन्नईतील कोळत्तूर किंवा कोलकाता परिसरातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतात. वाटेत पाणी घाण होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी त्यांना खाद्य देत नाहीत. असा दमलेला, भेदरलेला जीव नव्या पाण्यात एक-दोन दिवस खात नाही, यात नवल ते काय? घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान जुळते. मासा पाण्यात सोडल्यावर दिवा मालवावा, काचेवर टकटक करू नये आणि पहिला दिवस काहीही खाऊ घालू नये. निरोगी मासा काही दिवस उपाशी राहिला तरी मरत नाही. मात्र कुजलेल्या दाण्यांच्या पाण्यात तो खचित मरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. माशाच्या श्वसनातून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो. तो रंगहीन आहे. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही तो असतो आणि माशाचे कल्ले जाळतो. जुन्या पेटीतील गाळणीत वाढलेले सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व पुढे त्याहून पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत ही व्यवस्था बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तोवर मासा पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करीत असेल, पर मिटून तळाशी बसला असेल, तर त्याला अन्न नको, चांगले पाणी हवे आहे असे समजावे. एक-दोन दिवसांआड पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जाण्यासाठी ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे. आपल्या घरांत उकळून गार केलेले पाणी सदैव असते आणि भक्तिभावाने कोणी तेच माशाला देतो. परंतु उकळल्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू निघून जातो; ते पाणी तसेच वापरू नये.

आता खाण्याविषयी. मासा दाणा तोंडात घेऊन पुनःपुन्हा बाहेर टाकीत असेल तर दाणा मोठा किंवा टणक असतो. गोल्डफिशचे दात जबड्यात नसून घशात असतात, आणि त्याला जठर नसते. म्हणून दाणे थोडा वेळ पाण्यात भिजवून, मऊ व बारीक करून द्यावेत. कधी बारीक खडा तोंडात अडकलेला असतो. तळाशी एक तर मोठे गोटे ठेवावेत, नाही तर काहीच ठेवू नये. काही जातींचे डोळे बटबटीत किंवा वर वळलेले असल्याने त्यांना अन्न नीट दिसत नाही आणि चपळ सोबती ते पळवितात. अशांना बाजूला घेऊन, तळाशी बसणारे दाणे त्यांच्यासमोरच सोडावेत. पोट फुगलेले असेल तर एक दिवस उपास, आणि मग उकडून साल काढलेला मटाराचा दाणा कुस्करून द्यावा. दोन मिनिटांत संपेल तेवढेच खाद्य घालावे व उरलेले लगेच काढावे. दिवे लागल्यावर खाऊ घालू नये. आपला रात्रिभोजनत्याग येथे माशालाही मानवतो!

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मासा खात नाही म्हटल्यावर दुकानदार जिवंत अळ्या देण्यास सुचवितात. बाजारातील बहुतेक दाण्यांतही सुक्या मासळीची भुकटी असते. एका जिवाच्या दयेसाठी दुसऱ्या जिवांची हिंसा हा पेच आपल्यापुढे उभा राहतो. गोल्डफिश मिश्राहारी आहे. सोयाबीन, गव्हाचा अंकुर व स्पिरुलिना यांपासून केलेले दाणे, तसेच मटार, पालक तो आवडीने खातो. वेष्टन वाचून खाद्य निवडणे आपल्या हाती आहे. परंतु याहून चांगला विचार खरेदीपूर्वीच करावा. मोठ्या पेटीत, चांगल्या पाण्यात हा मासा दहा-पंधरा वर्षे सहज जगतो; इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत बक्षीस मिळालेला एक गोल्डफिश 1999 पर्यंत, म्हणजे 43 वर्षे जगला. एवढी जबाबदारी पेलणार नसेल तर तो आणूच नये. आणि कंटाळा आल्यावर ‘मुक्त केला’ म्हणून तळ्यात किंवा विहिरीत सोडू नये. हा परका मासा तेथील तळ उकरतो आणि इतर जिवांचा घास हिरावतो.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन्ही सांगितले आहेत. मी अन्न रोखले नव्हते, उलट ओतले होते. तरी त्या जिवाला जगण्याजोगे पाणी मात्र माझ्या हातून मिळाले नाही. दयेला ज्ञानाची जोड नसेल तर दयाही घात करते, हे मला त्या गोल भांड्याने शिकविले.

दुसरा मासा वाचला. मोठ्या पेटीत, तीन दिवसांच्या उपासानंतर, त्याने नातीच्या बोटाजवळचा मटाराचा पहिला कण उचलला, तेव्हा आम्ही दोघे किती तरी वेळ काही बोललो नाही. जो गेला, त्याला माझे मिच्छामि दुक्कडम्.