तांबड्या मातीतलं घड्याळ



मेढ्याला जमणाऱ्या विज्ञानलेखकांपुढं अध्यक्षीय भाषण युरेनियमवर करणार, असं मी घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘‘मेढ्यात कुठं आलंय युरेनियम?’’ प्रश्न रास्त आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण या बाबतीत अगदी कफल्लक. त्याच्या दहा लाख भागांत युरेनियमचा भाग एकाहूनही कमीच भरतो. ग्रॅनाइटमध्ये तेच प्रमाण तीन-चार भागांपर्यंत जातं. तो ग्रॅनाइटही आपल्याकडे आहे, पण खोल. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयनेच्या परिसरात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, ते काम २०१७ मध्ये पुरं झालं. सुमारे सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला आणि खालचा ग्रॅनाइट लागला. म्हणजे सातारकरांचं युरेनियम तळघरात आहे आणि वर लाव्हाच्या लाद्यांवर लाद्या रचलेल्या आहेत.

आणि तरीही मी म्हणतो, मेढ्याशी युरेनियमचं नातं आहे. ते खाणीचं नाही, काळाचं आहे.

काल केळघर घाटातून येताना मी गाडी थांबवायला लावली. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधे हातभर जाडीचा गेरूच्या रंगाचा पट्टा. आपण सगळ्यांनी तो शेकडो वेळा पाहिला असेल. पावसाळ्यात तिथून तांबडं पाणी ओघळतं. एक लाव्हा थंड झाला, त्याच्या पाठीवर ऊनपावसानं माती तयार झाली आणि मग दुसऱ्या लाव्हानं येऊन ती भाजून काढली. कुंभाराच्या आव्यात जसं होतं तसंच. मधल्या काळात वाऱ्यानं ज्वालामुखीची राखही त्या मातीवर आणून टाकली. त्या राखेत झिरकॉन नावाचे स्फटिक असतात, बारीक रव्याच्या कणाहूनही लहान.

या झिरकॉनची खोड मोठी गमतीची. तयार होताना तो युरेनियमला घरात घेतो आणि शिशाला उंबऱ्यावरच अडवतो. त्यामुळे पुढं कधी त्याच्या पोटात शिसं सापडलं, तर ते बाहेरून आलेलं नसतं, घरातल्या युरेनियमचंच झालेलं असतं. युरेनियम-२३८ चा अणू एकामागून एक असे आठ अल्फा कण आणि काही बीटा कण टाकत, थोरियम, रेडियम, रेडॉन अशी नावं बदलत शेवटी शिसं-२०६ होऊन थांबतो. या प्रवासाचा वेग ना उन्हानं बदलतो ना दाबानं. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं, हे मोजलं की वय कळतं.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच केलं. त्यांनी सह्याद्रीतल्या अशा पट्ट्यांमधले झिरकॉन वेचले, आम्लात विरघळवले आणि मोजले. उत्तर आलं ते असं : इथला मुख्य लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर नाहीसे होण्याच्या साधारण अडीच लाख वर्षं आधी वाहू लागला आणि साडेसात लाख वर्षांत अकरा लाख घन किलोमीटरहून अधिक दगड ओतून मोकळा झाला. एवढ्या काळात झिरकॉनमधल्या शंभर युरेनियम अणूंपैकी जेमतेम एकाचं शिसं झालंय. त्या एका अणूच्या हिशेबावर सह्याद्रीची जन्मपत्रिका उभी आहे. भूशास्त्रज्ञांनी या थरांना नावं काय दिलीत? पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि या सगळ्यांचा मिळून ‘वाई उपगट’. जगभरच्या शोधनिबंधांत ही नावं रोज छापली जातात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती मला कुठं दिसली नाहीत.

पत्रिकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १७८९ मध्ये या मूलद्रव्याला आठ वर्षांपूर्वीच सापडलेल्या युरेनस ग्रहाचं नाव दिलं. आपले ज्योतिषी त्या ग्रहाला ‘हर्षल’ म्हणतात. तेव्हा मराठीत याचं नाव ‘हर्षलियम’ व्हायलाही हरकत नव्हती. बिचाऱ्या क्लापरोटच्या हाती आली होती ती काळी पूड, म्हणजे ऑक्साइड. खरा धातू १८४१ मध्ये पेलिगोनं काढला. तो जड किती? लिटरभर पाण्याचा तांब्या आपण एका हातानं उचलून तोंडाला लावतो. तोच तांब्या युरेनियमनं भरला तर १९ किलोचा होईल, शिशानं भरलेल्या तांब्याच्या जवळजवळ पावणेदोनपट.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली एक चूक आज कबूल करतो. ‘अर्धायुष्य’ हा शब्द मी फळ्यावर लिहायचो आणि पुढं जायचो. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतकं. एका मुलानं पेपरात लिहिलं, ४४७ कोटी वर्षांत निम्मं संपलं, म्हणजे ८९४ कोटी वर्षांत सगळं संपेल. मी भोपळा दिला. नंतर लक्षात आलं की त्याचं मराठी बरोबर होतं. अर्धं आयुष्य गेलं की अर्धंच उरतं, असाच त्या शब्दाचा अर्थ होतो. पुढच्या वर्षीपासून मी वर्गात भाकरी नेऊ लागलो. निम्मी मोडायची, उरलेल्यातली निम्मी, पुन्हा उरलेल्यातली निम्मी. भाकरी संपत नाही, हे पाहून मागच्या बाकावरचेही पुढं येत.

शब्दांवरून आणखी एक. हिंदीत ॲटम म्हणजे ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूल म्हणजे ‘अणु’. मराठीत ॲटम तो ‘अणू’ आणि मॉलिक्यूल तो ‘रेणू’. म्हणून तारापूरला हिंदीत ‘परमाणु बिजलीघर’ म्हणतात आणि मराठीत ‘अणुवीज केंद्र’. दोन्ही बरोबर आहेत, पण हिंदी बातमी डोळे झाकून मराठीत आणली की रेणूचा अणू होतो. संपादकांनी इकडं लक्ष द्यावं.

आता तारापूरबद्दल. खाणीतल्या युरेनियमच्या हजार अणूंत २३५ वजनाचे फक्त सात असतात, बाकी जवळपास सगळे २३८ चे. मंद न्यूट्रॉननं सहज फुटतात ते हे सात. त्यांचं प्रमाण वाढवायचं म्हणजे ‘समृद्ध’ करायचं. आपल्या डेअरीतलं साय काढायचं यंत्र डोळ्यांसमोर आणा. वायुरूपातलं युरेनियम त्याहून कितीतरी जोरात गरगर फिरवतात, जड भाग कडेला जातो, हलका आत राहतो आणि हे हजारो यंत्रांतून पुन्हा पुन्हा करावं लागतं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना असं समृद्ध इंधन लागतं. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर अमेरिकेनं हात आखडता घेतला आणि पुढं फ्रान्स, चीन, रशिया अशी दारं ठोठवावी लागली. तिसऱ्या-चौथ्या भट्टीला नैसर्गिक युरेनियम चालतं, जोडीला जड पाणी. प्रत्येकी ५४० मेगावॅट. युरेनियम-२३५ चा एक ग्रॅम पुरता फुटला तर सुमारे तीन टन चांगल्या दगडी कोळशाइतकी उष्णता देतो. या आकड्याची भुरळ मलाही पडते.

पण त्याच तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली, हे वाक्य त्या आकड्याच्या शेजारीच यायला हवं. इथं जावळीत बोलताना तर ते टाळताच येत नाही. या सभागृहातल्या कित्येकांचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागराच्या किंवा कण्हेर धरणाच्या पाण्याखाली आहे. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. झारखंडच्या जादुगोड्यात टनभर खडक फोडावा तेव्हा हाती अर्ध्या किलोच्या आसपास युरेनियम येतं. उरलेला गाळ, त्यातल्या रेडियमसकट, आदिवासी गावांजवळच साठवलेला असतो. आपण मराठी लेखक तारापूरचे दिवे रंगवतो, जैतापूरचं आंदोलन रंगवतो. खाणीपासून राखेपर्यंतचा सगळा रस्ता एकाच लेखात मी अजून वाचलेला नाही. कुणी लिहिला असेल तर भेटावं, मी आधी माफी मागेन आणि मग वाचेन.

भीतीबद्दलही थोडं. युरेनियमचा तुकडा नुसता समोर ठेवला तर फारसं काही करत नाही. त्याचे अल्फा कण कागदानंही अडतात. तो पोटात किंवा फुप्फुसात गेला तर मात्र वाईट. पोटात गेला तर किरणांच्या आधी त्याचा रासायनिक विषारीपणाच मूत्रपिंडांना नडतो. म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. भट्टीतून निघालेलं जळकं इंधन ही वेगळीच गोष्ट, त्याच्याजवळ उघड्यानं क्षणभरही थांबता येत नाही. ताजं आणि जळकं यांतला हा फरक बातमीत एका ओळीत मावतो, तरी तो सहसा गाळला जातो. आणि लासलगावात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून जे गॅमा किरण देतात, ते कोबाल्ट-६० चे. तो कोबाल्ट युरेनियमच्या भट्टीतल्या न्यूट्रॉननी बनतो, पण कांद्यात ना युरेनियम येतं ना कोबाल्ट. हे समजावताना मला बाजार समितीच्या ओट्यावर पाऊण तास लागला होता आणि शेवटी एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘‘मग भाव किती वाढतो ते सांगा.’’ त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या गेरूच्या पट्ट्यातली मूठभर माती मी काल पिशवीत आणली आहे, इथं टेबलावर ठेवतो. नुसत्या भिंगानं झिरकॉन दिसणार नाही, उगाच आशा लावत नाही; पण हात लावून पाहा. उद्या सकाळी सात वाजता आपली बस केळघर घाटाकडे निघेल. पायांत बूट घाला, हातोडी आणू नका, कडा ठिसूळ आहे. मागे बसणाऱ्यांनी डाव्या बाजूची खिडकी धरावी, पट्टा तिकडूनच दिसतो.