घरातला लहान कुत्रा : निवड आणि निगा



आज पिकाविषयी बोलायचं नाही. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या शिवारात कारखाने आले आणि बऱ्याच घरांचे गोठे रिकामे झाले. मोशी-चिखलीकडे शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण दाराशी एखादं मुकं जनावर असावं, ही आपली सवय काही गेली नाही. म्हशीला जागा नाही, राखणीच्या मोठ्या कुत्र्याला अंगण नाही. म्हणून आता लहान कुत्रा घरात येतो. मुलं हट्ट धरतात आणि वडील शिफ्ट सुटल्यावर येताना पिल्लू घेऊन येतात.

मी शेतीखात्याचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. आजारपणात डॉक्टरांकडेच जायचं. मात्र एक गोष्ट मनात पक्की धरा. आपल्या हाताला गाई-बैलांचा अंदाज आहे, चार-पाचशे किलोचा. हा कुत्रा पाच-सात किलोचा. खाणं असो, औषध असो की विष असो, त्याला थोडंसंच पुष्कळ होतं.

आता निवड. जाहिरातीत 2003 च्या सुमारास पग दिसला आणि घरोघरी त्याची हौस निर्माण झाली. दिसायला गोड, पण नाक चपटं असल्यामुळे त्याला मोकळा श्वास घेता येत नाही. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून अंग थंड करतो. पत्र्याच्या खोलीत, एप्रिल-मेच्या दुपारी अशा कुत्र्याचे हाल होतात, प्रसंगी जीवही जातो. तेव्हा पत्र्याखाली राहणाऱ्यांनी पगच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण सरसकट ज्याला पामेरियन म्हणतो, तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. तो इथल्या हवेला रुळलेला आहे. केस रोज विंचरावे लागतात आणि भुंकतो फार, शेजारी भिंतीला भिंत असेल तर विचार करा. आणि गावठी पिल्लू का नको? अंगाने थोडं मोठं होतं, पण काटक, कमी खर्चाचं आणि जिवाला जीव देणारं.

पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहिलेलं असावं. त्याआधी ते विकता येत नाही, असा केंद्र सरकारचा 2017 चा नियमच आहे. तरी महिन्याचं पिल्लू ‘लहान जातीचं’ म्हणून गळ्यात मारतात, सांभाळा. शक्य तर आई पाहून घ्या. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखालचा भाग कोरडा असावा. अंग वाळलेलं आणि पोट मात्र फुगलेलं दिसलं, तर जंत समजावेत.

खाण्यात मोठा धोका आपल्या घरातच आहे, आणि तो म्हणजे कांदा. चाकणचा बाजार कांद्याचा, आपलं कालवण कांद्याचं, आणि उरलंसुरलं कुत्र्याला घालायची रीत जुनी. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा बाधायला पुरे. शिजवला, तळला तरी दोष जात नाही, लसणाचंही तसंच. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-काळपट होते. तोवर घरच्यांना कालवण आठवतही नाही. म्हणून त्याचा भात किंवा भाकरी वेगळी काढावी, सोबत उकडलेलं अंडं किंवा हाडं काढलेलं चिकन द्यावं, मीठमसाला नको. शिजलेलं हाड मोडून आतड्यात टोचतं. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मुलांच्या हातून जाऊ देऊ नका.

कांद्याच्या चाळीत उंदरांसाठी विष ठेवता, तिथे कुत्रा फिरकू देऊ नये. ज्यांचं घराशेजारी वर्कशॉप आहे त्यांनी गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट सांडू देऊ नये. ते चवीला गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं.

गोचीड झाले की कपाटातली फवारणीची बाटली काढायची, हे मुळीच करू नका. पिकाचं औषध नको आणि गाईच्या गोचिडांचं औषधही ‘जरा पातळ करून’ नको. कुत्रा अंग चाटतो, औषध पोटात जातं. डॉक्टर वजन करून देतील तेच लावा. माणसाची तापाची, अंगदुखीची गोळीही तशीच घातक.

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरकडे ज्यांची घरं उसाला लागून आहेत, त्यांनी कुत्रा रात्री ओसरीवर बांधू नये. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला. बांधलेला कुत्रा बिबट्याला दारात बोलावतो. रात्री आत घ्या, दार लावा.

लसीकरणाला मात्र टाळाटाळ नको. दीड-दोन महिन्यांपासून पार्वो-डिस्टेंपरची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचा होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. दाखला जपून ठेवा. महापालिकेच्या हद्दीत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो, तेव्हा तो लागतो.

आणि लहान पिल्लाचे दात लागले तरी ‘घरचंच आहे’ म्हणून सोडू नका. लस न झालेलं घरचं पिल्लूही रेबीज देऊ शकतं, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथे ही लस मोफत असते. डॉक्टर देतील त्या तारखांना सगळी इंजेक्शनं घ्या, कामावरची सुट्टी बुडाली तरी चालेल.