ओट्यामागची भिंत



या व्यासपीठावरून राज्यकारभार, वाङ्मय, अध्यात्म अशा मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने होतात. त्या पंगतीत मी पाट मांडला आहे तो स्वयंपाकाच्या ओट्यामागच्या भिंतीसाठी. तिच्यावर टाइल कशा मांडाव्यात, एवढाच माझा विषय. आपण हसलात, हे ठीकच झाले. परंतु ही भिंत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे, आणि घरातले कोणीतरी एक माणूस रोज काही तास तिच्याकडे तोंड करून उभे असते. दिवाणखान्यातल्या तसबिरीकडेही आपण इतका वेळ पाहत नाही!

आपल्या आज्यांच्या काळी ही भिंत अशी नव्हती. चूल जमिनीवर, स्वयंपाक बसून. मागची भिंत धुराने काळी व्हायची आणि सणावाराला सारवली जायची. पुढे स्टोव्ह आला, गॅस आला, ओटा आला आणि स्वयंपाक करणारी उभी राहिली. फोडणीचे तेल, हळद, आमटीचे शिंतोडे आता थेट भिंतीवर उडू लागले. म्हणून पुसता येईल असा टाइलचा पट्टा आला. गवंडी त्याला 'डॅडो' म्हणतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नवे केले. मी दुकानात जाऊन रंग पसंत केला, माल घरी पाठवला, गवंड्याला "उद्यापासून लावा" म्हटले आणि कामावर निघून गेलो. संध्याकाळी पाहतो तो डाव्या कोपऱ्यापासून सगळ्या अखंड टाइल आणि उजव्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, दीड इंचाहूनही अरुंद पट्टी. शेगडी नेमकी तिथेच. मी चिडलो. आई मात्र शांतपणे म्हणाली, "पट्टी दिसते त्याचं काही नाही रे. तिथं दोन सांधे जवळजवळ आलेत. त्यांत मसाला बसणार, आणि तो मला जुन्या दातांच्या ब्रशनं काढावा लागणार."

चूक गवंड्याची नव्हती. त्याला कोणी रेघ आखून दिली नव्हती. कोपऱ्यातून सुरुवात केली की काम लवकर होते आणि माल कमी लागतो. चूक माझी होती. जी बाई त्या भिंतीपुढे उभी राहणार, तिला मी एक प्रश्नही विचारला नव्हता.

तेव्हा हिशेब करू. भिंत ९८ इंच लांब, ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत उंची २४ इंच. टाइल १२ इंच रुंद, ८ इंच उंच. कोपऱ्यातून निघालो तर ८ टाइलचे ९६ इंच झाले, उरले २. त्यांतून सांधे वजा करा. प्रत्येकी २ मिलिमीटरचे ८ सांधे, म्हणजे १६ मिलिमीटर, गवंड्याच्या भाषेत ५ सूत. राहिली ती आमची पट्टी.

दुसरी रीत अशी. भिंतीचा मध्य काढा आणि तिथे उभी रेघ ओढा. रेघेवर सांधा ठेवला, तर दोन्ही बाजूंना चार-चार टाइल बसून कोपऱ्यांत जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाच्या फिती उरतात. ते आणखी वाईट. पण त्याच रेघेवर टाइलचा मध्य ठेवला, तर मध्ये ७ अखंड टाइल आणि दोन्ही कोपऱ्यांत साधारण पावणेसात इंचांचे सारखे तुकडे येतात. सूत्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे: कडेचा तुकडा अर्ध्या टाइलहून लहान येत असेल, तर सगळी मांडणी अर्ध्या टाइलने सरकवा.

याची किंमत किती? कोपऱ्यातून लावले तर २५ टाइल पुरतात, कारण तिन्ही ओळींच्या पट्ट्या एकाच टाइलमधून निघतात. मध्यातून लावले तर प्रत्येक ओळीला ९, अशा २७ लागतात. म्हणजे दोन टाइलची काटकसर करून मी आईला जन्मभराचा ब्रश हाती दिला होता! फुटतुटीसाठी तीन जास्त धरा आणि ३० घ्या. सगळ्या एकाच बॅचच्या घ्या, कारण बॅच बदलली की छटा बदलते. उरलेल्या माळ्यावर जपून ठेवा.

उंचीचेही असेच. अखंड टाइल खाली, नजरेसमोर; कापायची ती वर, कपाटाच्या सावलीत. परंतु ओट्यावर विसंबू नका. पुष्कळदा त्याला सिंककडे थोडा उतार असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवा आणि भिंतीवर आडवी रेघ मारा. ओटा जिथे सर्वांत खाली असेल तिथून पहिली ओळ मोजा, म्हणजे खाली फट उघडी पडत नाही. कोपऱ्याला ओळंबा लावून पाहा. भिंती क्वचितच सरळ असतात, म्हणून कोपऱ्यातला तुकडा वर आणि खाली वेगवेगळा मोजावा. ओट्याचा दगड आणि टाइल यांच्यामध्ये बारीक फट ठेवून ती सिलिकॉनने भरावी. दोन्ही वेगवेगळे हलतात. तिथे सिमेंट भरले तर तडकते. विजेचे बटण कुठे येणार हे टाइल लावण्यापूर्वी ठरवावे, आणि ते शेगडीच्या मागे किंवा सिंकच्या लगत नसावे.

आणि कापणाऱ्या माणसाला विसरू नका. कोरड्या यंत्राने टाइल कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पाणी सोडून कापायला सांगा. त्याने होणारी ओल पुसता येते.

१९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. त्यांनी आरंभ केला तो रंगापासून नव्हे. काम करणाऱ्या बाईला किती पावले चालावी लागतात, किती वेळ लागतो, इथून केला. माझ्या सगळ्या व्याख्यानाचे सार यात आहे. मोजायचे ते आधी माणसाचे काम, मग भिंत, आणि सर्वांत शेवटी टाइल.

यासाठी पदवी लागत नाही. एक सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर टाइल आणि सांधे यांच्या खुणा करा आणि ती भिंतीला धरून डावी-उजवीकडे सरकवून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे. मात्र ती पट्टी धरताना घरात जो स्वयंपाक करतो त्याला शेजारी उभे करा आणि विचारा, "शेगडी कुठे ठेवणार? फोडणी कुठे उडते? हात कुठवर पोचतो?"

आमच्या घरी ती पट्टी आजही आहे. तिथला सांधा आता मी घासतो. रविवारी, त्याच ब्रशने. तेव्हा दोन टाइल किती महाग असतात, हे मला पक्के ठाऊक झाले आहे. आपल्यावर तशी पाळी न येवो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.