पहिली पाच मिनिटं

अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आलं, की बाकावर बसलेल्या आजींचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, आता दूध ओढेल ना ते?’ ओढेल, आजी. पण नुसतं ओढून भागत नाही.

पोटात असल्यापासून बाळ चोखतं, गर्भजल गिळतं. श्वासाचं काम मात्र तिथे नसतं. जन्मल्यावर घशातल्या एकाच वाटेने दूधही जातं आणि हवाही; म्हणून प्रत्येक घुटक्याला श्वास क्षणभर थांबतो. चोखणं, गिळणं, श्वास घेणं यांचा मेळ गर्भवयाच्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, आणि पक्का व्हायला आणखी काही आठवडे जातात. बाळ बोट जोरात चोखतं म्हणून आपण हरखतो. पण कोरडं चोखणं सेकंदाला दोनदा चालतं. दूध आलं की एकदाच, कारण मध्ये घुटका आणि श्वास बसवायचा असतो.

मग पारख कशी करायची? बाटलीने पिणाऱ्या बाळांसाठी अमेरिकेतल्या शांताल लाऊ यांनी सुचवलेली रीत मला फार आवडते. पहिल्या पाच मिनिटांत बाळ थकलेलं नसतं. तेवढ्यात ठरलेल्या दुधापैकी किती प्यालं, यावरून कसब कळतं. ३० टक्के ही त्यांची रेघ. पूर्ण वेळेचा वेग दम सांगतो. तिथली रेघ मिनिटाला दीड मिलिलिटर. समजा, ३० मिलिलिटर द्यायचं आहे. पाच मिनिटांत १२ गेलं, पण वीस मिनिटांत एकूण २०च. या बाळाला पिता येतं, दम पुरत नाही. त्याला तोंडाने थोडं पाजून उरलेलं नळीने द्यावं. उलट, ज्याला कसबच नाही, त्याला आईच्या रिकाम्या केलेल्या स्तनावर चोखण्याचा सराव द्यावा.

अंगावर पिताना मिलिलिटर दिसत नाहीत. तिथे बाळ स्तन शोधतं का, तोंडात धरून ठेवतं का, सलग किती चोखतं, हे पाहायचं. स्वीडनमध्ये केर्स्टिन हेडबर्ग न्यूक्विस्ट यांना २८ आठवड्यांची बाळंही स्तन शोधून धरताना दिसली.

उमेदवारीच्या काळात मीही वाटी रिकामी करण्याच्या मागे लागायचो. हनुवटी हलवून, गाल दाबून उरलेलं दूध आत घालायचो. आज ते आठवलं की वाईट वाटतं. बोंडल्याने पाजताना तर जास्तच जपावं लागतं. धार आपल्या हातात असते, बाळाच्या नाही. कपाळाला आठी, ताठ पसरलेली बोटं, ओठांच्या कडेने ओघळणारं दूध, मग एकदम सैल पडलेला हात: मॉनिटर वाजण्याआधी बाळ हे सगळं सांगून मोकळं झालेलं असतं.

परवा एका आईने पाजता पाजता स्वतःच बोंडलं बाजूला घेतलं. ‘बोटं फाकवली त्यानं,’ ती म्हणाली. मी बाळाकडे न बघता मॉनिटरकडे बघत होतो. सिस्टरांनी तक्त्यात लिहिलं: १४ मिलिलिटर तोंडाने, आईने थांबवलं, बाकी नळीने.